व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आलेल्या माणसाशी काय बोलावं? कुटुंबासाठीचं पत्रक तपासून हवंय

अबोली_सातारा

नमस्कार. केंद्रात महिना-सव्वा महिना राहून घरी जाणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबासाठी एक पत्रक करतोय. ए-फोर कागद, पाठपोट, टाइप मोठा. वाचणार आई-वडील, बायको, थोरला भाऊ आणि गावातल्या आशाताई. रुग्णांमध्ये दारूचे सर्वांत जास्त, मग गर्द (हेरॉइन), एमडी (मेफेड्रोन ही उत्तेजक पूड), झोपेच्या गोळ्या आणि खोकल्याचं सिरप.

मसुद्यातल्या या सहा वाक्यांवर एकमत होत नाहीये:

१. व्यसन हा आजार आहे, चूक नाही.
२. इच्छाशक्ती असेल तर कोणीही व्यसन सोडू शकतो.
३. पुन्हा घेतल्यास ताबडतोब केंद्रात भरती करा.
४. घरात व्यसनाचा विषय काढू नका.
५. गोळ्यांवर अवलंबून राहू देऊ नका.
६. नातेवाइकांना ‘बाहेरगावी होता’ असं सांगा.

या कामाची माहिती असणाऱ्यांनी कृपया नेमकं सांगा: कुठलं काढू, कुठलं बदलू आणि का. घरच्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी वापरता येईल असं हवंय.

---

निरंजन_समुपदेशन

अबोलीताई, चौथं आणि सहावं वाक्य आजच काढा. तिसरं बदला. कारण जरा सविस्तर लिहितो, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे.

गर्द घेणाऱ्याचं शरीर रोजच्या मात्रेला सरावलेलं असतं. महिनाभर बंद राहिलं की तो सराव उतरतो. घरी आल्यावर एखाद्या दिवशी जुन्याच हिशेबाने घेतलं, तर पूर्वी सहज पचणारी मात्रा श्वास थांबवू शकते. केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर आल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणून सर्वांत धोक्याचे. आणि नेमक्या त्याच आठवड्यांत घरातून ऐकवलं जातं, “आता हात लावलास तर घराची पायरी चढू नकोस.” मग तो घेतो ते एकटा, आतून कडी लावून, संडासात किंवा गच्चीवर. बेशुद्ध पडला तर दार वाजवायलासुद्धा कोणाच्या लक्षात येत नाही.

पहिल्या दिवशी, जेवणखाण झाल्यावर, घरातल्या एकानेच शांतपणे सांगायचं वाक्य: “घ्यावीशी वाटली तर सांग. घेतली गेली तरी सांग. त्या रात्री भांडण होणार नाही, सकाळी बोलू.” आणि हे पाळायचं. एकदा मोडलं की पुढच्या वेळी तो सांगत नाही. पैसे हातात देणार नाही, उधारी फेडणार नाही, हे त्याच बोलण्यात स्पष्ट सांगावं. प्रेमाने बोलणं म्हणजे मागेल ते देणं नव्हे.

घेतल्याचं कळलं तर “का घेतलीस?” हा प्रश्न त्या क्षणी बिनकामाचा. चार प्रश्न विचारा: काय घेतलं, किती, किती वाजता, आणि सोबत दारू किंवा झोपेची गोळी होती का. चौथा सर्वांत महत्त्वाचा. गर्द, दारू आणि झोपेच्या गोळ्या, तिन्ही श्वास मंदावतात. एकत्र आल्या की थोडी मात्राही जड जाते.

पत्रकात एक चौकट करा आणि त्यात एवढंच छापा. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, ओठ-नखं निळसर, घोरल्यासारखा घरघर आवाज, मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी श्वास, हाक मारून-हलवूनही उठत नाही: ताबडतोब १०८. कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडा, तोंड किंचित खाली. एकटं सोडू नका. मिठाचं पाणी पाजणं, उलटी काढणं, गार पाण्याखाली धरणं, उभं करून चालवणं यातलं काहीही नको. पाणी किंवा उलटी श्वासनलिकेत जाते आणि वेळही जातो. रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरला काय घेतलंय ते खरं सांगा. नालोक्सोनचं इंजेक्शन असा श्वास परत आणतं, पण त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तास. गर्द त्यापेक्षा जास्त वेळ अंगात राहतं. म्हणून शुद्धीवर आला की लगेच घरी न्यायचं नाही, दवाखान्यात देखरेखीखाली ठेवायचं.

तिसऱ्या वाक्याबद्दल. एकदा घेतली म्हणजे घसरला. रोजचं सुरू झालं म्हणजे परत अडकला. दोन्हींना भरती हे एकच उत्तर नाही. घसरल्यावर चोवीस तासांच्या आत समुपदेशकाला फोन, दोन-तीन दिवसांत पाठपुराव्याची भेट, एवढ्याने पुष्कळ जण सावरतात. भरतीचा धाक दाखवला की पहिली घसरण लपवली जाते आणि आपल्याला कळतं ते दोन महिन्यांनी.

‘बाहेरगावी होता’ हे सांगितलं की त्याला जन्मभर ती गोष्ट सांभाळावी लागते. वर जत्रेत, हळदीला कोणीतरी प्रेमाने ग्लास हातात देतं, कारण कोणालाच काही माहीत नसतं. “तब्येतीचे उपचार चालू आहेत, दारू पूर्ण बंद आहे” हे पुरतं. कोणाला किती सांगायचं ते त्याने ठरवावं. पण तीन-चार माणसं अशी हवीत ज्यांना सगळं ठाऊक आहे.

---

डॉ_कडूनिंब

वरच्याशी सहमत. मी दोन आणि पाच घेतो.

पाचवं वाक्य घातक आहे. “एक सोडून दुसरं व्यसन लावलं” असं म्हणत घरचेच औषध बंद करतात. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवतात. ती गर्दची तलफ आणि टर्की (नशा थांबल्यावर शरीराला होणारा त्रास) दाबते, पण नेमून दिलेल्या मात्रेत नशा चढू देत नाही. माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो. ही आणि मेथाडोन ही दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. सुईने घेणाऱ्यांसाठी नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना) ओएसटी केंद्रांवर, म्हणजे गर्दऐवजी औषध देणाऱ्या केंद्रांवर, ती मोफत मिळतात. उपचार महिनोन् महिने, काहींना काही वर्षं चालतो, आणि मात्रा डॉक्टरच हळूहळू उतरवतात.

घरी चुकतं ते असं. गोळी पाण्याबरोबर गिळली की फारशी लागू पडत नाही. ती पूर्ण विरघळेपर्यंत, पाच-दहा मिनिटं, बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. दुसरी चूक म्हणजे गर्द घेतल्यानंतर काही तासांतच गोळी दिली की टर्की एकदम उसळते. शेवटच्या गर्दनंतर साधारण १२ ते २४ तास जाऊन टर्कीची लक्षणं दिसू लागली (जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात कळा) की मगच पहिली मात्रा देतात, बहुधा २ ते ४ मिलिग्रॅम. घरी हा प्रयोग करू नये. “गोळीनेच त्रास झाला” असं ठरवून सोडून दिलेले रुग्ण बहुतेक याच चुकीचे बळी असतात.

दुसरं वाक्य, इच्छाशक्तीचं. दारू आणि झोपेच्या गोळ्यांच्या बाबतीत ते जीव घेऊ शकतं. गर्दची टर्की भयंकर असते; शेवटच्या पुडीनंतर आठ-बारा तासांत सुरू, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला, आठवडा-दहा दिवसांत अंग शांत. धडधाकट माणूस त्याने सहसा दगावत नाही, मात्र उलट्या-जुलाबांनी पाणी कमी होऊ द्यायचं नाही. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम थांबली तर गोष्ट वेगळी. सहा तासांपासून हात कापतात, ४८ तासांच्या आत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, दरदरून घाम, माणसं न ओळखणं सुरू झालं तर ते आणीबाणीचं लक्षण.

आपल्याकडे पंढरीची माळ घालून दारू सोडण्याची मोठी परंपरा आहे आणि तिने कित्येक घरं उभी राहिली. पत्रकात तिच्याविरुद्ध एक अक्षर नको. फक्त क्रम लिहा: रोज पिणारा असेल तर आधी डॉक्टर, मग माळ. पहिले चार-पाच दिवस औषधांच्या आधाराने काढायचे. खोलीत कोंडून “तीन दिवस कळ काढ” म्हणणं बंद व्हायला हवं.

आणखी एक. गावात अशा रुग्णाला ‘अशक्तपणा’ म्हणून थेट ग्लुकोजचं सलाईन लावतात. दारूने बी-वन जीवनसत्त्व आधीच संपलेलं असतं. थायमिन न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. “दारू पितो, आधी थायमिन द्या” एवढं घरच्यांनी न लाजता सांगितलं तरी इजा टळते.

‘न सांगता दारू सोडवा’ या जाहिरातींवरही एक ओळ हवी. भाजीत मिसळायची पूड किंवा गोळी डायसल्फिराम असेल, तर त्यावर दारू प्यायल्यावर चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. हृदय कमकुवत असेल तर मृत्यूही. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. हे औषध चांगलं आहे, पण रुग्णाला सांगून, यकृताच्या तपासण्या करून आणि त्याच्या संमतीनेच.

---

वाळवंट

पहिल्या वाक्याला माझा विरोध आहे. ‘आजार आहे, चूक नाही’ हे त्या बाईला वाचायला देणार, जिचं मंगळसूत्र विकलं गेलं आणि जिच्या हाताचं हाड मोडलंय? ‘बिचारा आजारी आहे’ म्हणून तिलाच सगळीकडून ऐकवतात, “तू सांभाळून घे.” आणि शब्द बदलून नेमकं काय बदलतं? बेवडा म्हणा की रुग्ण म्हणा, प्यायचा तो पितोच.

---

डॉ_कडूनिंब

दोन वेगळे मुद्दे आहेत. शब्दांचा आधी. अमेरिकेत २०१० साली पाचशेहून जास्त मानसोपचार व्यावसायिकांना एकाच रुग्णाचं वर्णन दिलं गेलं. निम्म्यांच्या कागदावर त्याला नशेचा गैरवापर करणारा म्हटलं होतं, निम्म्यांच्या कागदावर नशेचा विकार असलेला. बाकी मजकूर तोच. पहिल्या गटाने त्याला जास्त दोषी धरलं आणि शिक्षेकडे जास्त कल दाखवला. उपचार करणारी, शिकलेली माणसं ही. मग प्राथमिक आरोग्य केंद्रातला कर्मचारी केसपेपरवर ‘बेवडा’ लिहून ठेवतो तेव्हा पुढची तपासणी कशी होईल? डोक्याला मार लागून गुंगीत असलेला माणूस ‘पिऊन पडलाय’ म्हणून तासन् तास बाकावर पडून राहतो, तो याच शब्दामुळे.

एम्सने केलेलं देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये जाहीर झालं. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कुठलाही उपचार मिळालेला होता. उपचारांची सोय कमी आहे हे खरंच, पण दारात उभं राहायची लाज हेही मोठं कारण.

---

निरंजन_समुपदेशन

वाळवंट, तुमचा दुसरा मुद्दा शंभर टक्के मान्य. ‘चूक नाही’ काढून टाका. टीबीच्या रुग्णाला जंतू लागल्याचा दोष कोणी देत नाही, पण सहा महिने गोळ्या घ्यायची जबाबदारी त्याचीच असते, तसंच इथे. मी असं लिहीन: “व्यसन हा उपचार होणारा आजार आहे. उपचार घेणं ही रुग्णाची जबाबदारी आहे. मारहाण ही आजारात मोडत नाही.” खाली महिलांसाठीचा १८१ आणि तातडीचा ११२ द्या. बायकोने काही दिवस माहेरी किंवा बहिणीकडे जाणं म्हणजे नवऱ्याला सोडणं नव्हे, हेही स्पष्ट छापा. सासरच्यांनी ते वाचायला हवं.

‘लग्न करून द्या, सुधारेल’ या सल्ल्यालाही पत्रकात जागा द्या. तो अजून सर्रास दिला जातो. त्यात एका मुलीला न विचारता उपचाराचं साधन केलं जातं, आणि नव्या संसाराचा खर्च व ताण नेमका सावरण्याच्या काळात अंगावर येतो. तिला लग्नाआधी सगळं माहीत असणं हा तिचा हक्क आहे.

बाई स्वतः व्यसनात असेल तर हे सगळं दुपटीने वाईट. पुरुषाला निदान केंद्रापर्यंत नेतात, तिला खोलीत लपवतात. तुमच्या मसुद्यात सगळीकडे ‘तो’ आहे. ‘रुग्ण’ किंवा ‘घरचं माणूस’ करा.

---

काळा_कोट

कायद्याचं थोडक्यात, कारण भीतीपोटी उपचार लांबतात.

एनडीपीएस कायदा १९८५ (अमली पदार्थविरोधी कायदा) याचं कलम ६४-अ: सेवनाचा म्हणजे कलम २७ चा, किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर त्याला त्या आरोपाखाली खटल्यातून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेता येतं. म्हणून भरतीचा कागद, डिस्चार्ज कार्ड, पाठपुराव्याच्या तारखा फाइलला लावून ठेवा. अल्प प्रमाण म्हणजे हेरॉइन म्हणजेच गर्द ५ ग्रॅम, एमडी २ ग्रॅम, गांजा १ किलोपर्यंत. विक्रीला हे संरक्षण नाही.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थाही येतात. त्यामुळे साखळीने बांधणं, सक्तीने मुंडण करणं याला बंदी आहे. रुग्णाच्या इच्छेशिवाय भरती करायची तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने निर्णयात मदत करणाऱ्याचा) अर्ज, दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, आणि सुरुवातीला जास्तीत जास्त ३० दिवस. रात्री गाडी पाठवून चार माणसांनी उचलून नेणं आणि वडिलांच्या एका सहीवर सहा महिने ठेवणं यात बसत नाही. केंद्र निवडताना नोंदणी प्रमाणपत्र बघा, मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या वारी येतात ते विचारा, आणि रुग्णाला फोन किंवा भेट कधी मिळते ते लिहून घ्या. हे विचारल्यावर टाळाटाळ झाली तर दुसरं केंद्र शोधा.

उपचाराची माहिती गोपनीय आहे. संमतीशिवाय फोटो माध्यमांना देता येत नाही. केंद्राच्या ‘यशोगाथा’ फलकावर छायाचित्र लावायचं असेल तर तेही रुग्णाला विचारूनच लावा. आज होकार देणाऱ्याला पुढे नोकरी शोधताना तो फलक आडवा येऊ शकतो.

---

तळटीप_उपसंपादक

पत्रकाबाहेरचं, पण जोडलेलं. ब्राउन शुगर (म्हणजे गर्दच) १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात पसरली, १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, आणि त्याच काळातला ‘गर्दुल्ला’ बातम्यांत अजून ठाण मांडून आहे. रेल्वे रुळाशेजारी राहणारा कोणीही बेघर माणूस परस्पर गर्दुल्ला ठरतो, नशा केल्याचा पुरावा असो वा नसो.

बातमी लिहिणाऱ्यांना इतकंच सांगेन. जप्तीची बाजारातली किंमत मथळ्यात नको; ती कमाईची जाहिरात ठरते. एमडीच्या बातमीला सुईचं चित्र लावू नका, तो बहुतेक जण नाकाने ओढतात किंवा गिळतात. चुकीच्या चित्रामुळे आई-वडील घरात सुई शोधत बसतात आणि चार रात्री न झोपलेला, जबडा सतत चावणारा मुलगा समोर असून दिसत नाही. घ्यायची कृती छापू नका. अल्पवयीन मुलाची शाळा, गल्ली, वडिलांचा व्यवसाय यांतलं काहीच नको. बालन्याय कायद्याचं कलम ७४ ओळख उघड करायला मनाई करतं. आणि बातमीच्या शेवटी १४४४६ हा हेल्पलाइन क्रमांक. एका ओळीला जागा नेहमी असते.

---

अबोली_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. चौथं, पाचवं, सहावं काढलं. अजून एक अडचण: पुष्कळ घरांत मेडिकलमधून लघवी तपासायचं किट आणून दर आठवड्याला तपासतात आणि त्यावरून भांडणं होतात. याला पत्रकात जागा द्यावी का?

---

डॉ_कडूनिंब

द्या. किटवर आंधळा भरवसा ठेवल्याने खरं बोलणारा खोटा ठरतो. कोडीनचं खोकल्याचं सिरप घेतलं तरी मॉर्फिनची पट्टी पॉझिटिव्ह येते. सर्दीच्या काही गोळ्यांनी अ‍ॅम्फेटामाइनची पट्टी फसते. गांजा नियमित ओढणाऱ्याने थांबवल्यावरही महिन्यापर्यंत लघवीत दिसू शकतो, म्हणजे केंद्रातून नुकताच घरी आलेला माणूस काहीही न घेता पॉझिटिव्ह येऊ शकतो. उलट गर्द दोन-तीन दिवसांतच दिसेनासं होतं, आणि नेहमीच्या पाच पट्ट्यांच्या किटवर एमडी बहुधा पकडलाच जात नाही. निगेटिव्ह आलं म्हणून निर्धास्त होण्यातही अर्थ नाही.

तपासणी करायचीच तर ती पाठपुराव्याच्या भेटीत, रुग्णाला आधी सांगून. संशयास्पद निकाल प्रयोगशाळेत पक्का करून घ्यायचा. घरी बाथरूमच्या दाराशी उभं राहून करायची नाही. आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची चिठ्ठी सोबत ठेवायची.

---

वाळवंट

जबाबदारीच्या वाक्यामुळे माझा आक्षेप संपला. एक भर घाला: घरातल्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात, त्यांना रुग्ण पित असो वा नसो, जाता येतं. आणि रुग्ण एए (दारू सोडणाऱ्यांचा गट) किंवा एनएच्या (ड्रग्ज सोडणाऱ्यांचा गट) बैठकीत स्वतःला ‘अ‍ॅडिक्ट’ म्हणतो ते त्याचं त्याने स्वीकारलेलं आहे. भावाने चारचौघांत त्याला तसं म्हणायची परवानगी त्यातून मिळत नाही.

---

अबोली_सातारा

घेतलं. मागच्या बाजूची चौकट अशी ठरवते: वर बेशुद्धीची लक्षणं आणि १०८, मध्ये चार प्रश्न, खाली १४४४६ आणि १८१.

---

निरंजन_समुपदेशन

टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ पण टाका. एमडी बंद केल्यावर पहिल्या काही दिवसांत प्रचंड झोप, मग खोल उदासी येते, आणि आत्महत्येचे विचार त्याच काळात वाढतात. “जगण्यात अर्थ नाही” असं बोलला तर ते नाटक समजू नका, सरळ विचारा: “मरायचे विचार येतात का?” विचारल्याने विचार पेरला जात नाही. हो म्हणाला तर एकटं ठेवू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा हलवा, त्याच दिवशी डॉक्टर. ही ओळ १०८ च्या लगेच खाली येऊ द्या, दोन्ही एकाच नजरेत दिसायला हवं.